हो म्हटलं तर काय होईल?

४ नोव्हेंबर १९९७ ला टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात महापौरपदाची निवडणूक होती. उमेदवारांच्या नावांसोबत मतपत्रिकेवर 'प्रस्ताव अ' या नावाने एक प्रश्नही छापला होता. स्त्रिया आणि अल्पसंख्याकांसाठी शहराच्या नोकऱ्यांत व कंत्राटांत चालणारी 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' बंद करण्यासाठी, सध्याचा कार्यक्रम आणि पुढे येऊ शकणारे तसलेच कार्यक्रमही बंद करण्यासाठी, ह्यूस्टन शहराच्या सनदेत दुरुस्ती करावी काय? खाली दोनच पर्याय होते: हो किंवा नाही.

सुमारे ५५ टक्के मतदारांनी नाही म्हटलं आणि प्रस्ताव पडला.

जेमतेम एक वर्ष आधी, ५ नोव्हेंबर १९९६ ला, कॅलिफोर्निया राज्यात याच आशयाचा प्रस्ताव साडेचोपन्न टक्के मतांनी मंजूर झाला होता. त्याचा क्रमांक होता २०९. दोन्हीकडच्या मूळ कलमांचे मजकूर शेजारी ठेवून वाचले तर ते बहुतेक शब्दाला शब्द जुळतात. सरकारने वंश, लिंग, वर्ण, वांशिक गट किंवा मूळ देश यांच्या आधारावर कुणाशी भेदभाव करू नये आणि कुणाला झुकतं मापही देऊ नये, असं दोन्हीकडे म्हटलेलं होतं. ह्यूस्टनच्या अर्जदारांनी कॅलिफोर्नियाचाच मसुदा उचलला होता. मात्र तो मसुदा मतपत्रिकेवर कसा छापायचा हे कॅलिफोर्नियात एकाने ठरवलं आणि ह्यूस्टनमध्ये दुसऱ्यांनी. मतदार कायदा वाचत नाही. मतदानाच्या आडोशात उभा राहून तो शीर्षक आणि खालच्या चार ओळी वाचतो. त्याच्या दृष्टीने तोच कायदा. त्या चार ओळी कुणी लिहायच्या, किती शब्दांत आणि कोणत्या अटींवर, याचा अमेरिकेतला भांडणांनी भरलेला इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

तो सुरू होतो ऑरेगॉन राज्यात. विल्यम यू'रेन हा लोहारकाम करून पुढे वकील झालेला माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने एकच ध्यास घेतला होता: विधिमंडळ रेल्वे कंपन्यांच्या आणि बड्या धेंडांच्या खिशात गेलं असेल, तर लोकांनी स्वतः कायदा मांडावा आणि स्वतःच तो मंजूर करावा. सह्या गोळा करा, पुरेशा झाल्या की प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर. साउथ डकोटाने १८९८ मध्ये ही वाट काढली होती, पण तिच्यावरून खऱ्या अर्थाने चाललं ते ऑरेगॉन. १९०२ मध्ये तिथल्या मतदारांनी ६२,०२४ विरुद्ध ५,६६८ अशा मतांनी हा हक्क राज्यघटनेत घातला. उत्साह इतका की १९१० च्या एकाच निवडणुकीत मतदारांपुढे ३२ प्रस्ताव होते. बत्तीस कायदे! शेतावरून किंवा गिरणीतून थेट मतदानाला आलेल्या माणसाने ते सगळे समजून घेऊन मत द्यावं अशी अपेक्षा होती. म्हणून ऑरेगॉनने दोन सोयी केल्या. प्रस्तावांचा पूर्ण मजकूर आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापलेली पुस्तिका प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने पाठवायची, आणि मतपत्रिकेवर प्रत्येक प्रस्तावाला थोडक्यात शीर्षक द्यायचं.

पुस्तिका मदतीपुरती होती. निकाल लावत होतं ते शीर्षक, कारण पुस्तिका घरी राहायची आणि शीर्षक मतपत्रिकेवर असायचं.

कॅलिफोर्नियाने १० ऑक्टोबर १९११ च्या विशेष निवडणुकीत हीच पद्धत स्वीकारली. राज्यपाल हायरम जॉन्सन सदर्न पॅसिफिक रेल्वेची राज्यावरची पकड मोडायची या एका मुद्द्यावर निवडून आला होता. थेट कायद्याचा हक्क आणि स्त्रियांचा मताधिकार कॅलिफोर्नियाने त्या एकाच दिवशी मंजूर केला, हे मला त्या काळाचं मोठं देणं वाटतं. पुढे तिथे शीर्षक लिहिण्याचं काम राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आलं. शीर्षक आणि सारांश मिळून १०० शब्दांची मर्यादा, मतपत्रिकेवर छापायचा मजकूर त्याहून छोटा, ७५ शब्दांचा. तो खरा आणि निःपक्षपाती हवा, प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात युक्तिवाद करणारा नको, आणि मतदाराच्या मनात पूर्वग्रह निर्माण करणारा नको, अशी अट कायद्यानेच घातली. वाचायला अट चोख आहे. अडचण एवढीच की कॅलिफोर्नियाचा ॲटर्नी जनरल नेमलेला नसतो, तो निवडून येतो, पक्षाचं नाव लावून. राज्यपाल होण्याची आस असलेले कितीतरी जण त्या खुर्चीवर बसून गेले आहेत. निःपक्षपाती वाक्य लिहिण्याचं काम असं कायद्याने एका पुढाऱ्याच्या हाती दिलं गेलं.

इतर राज्यांनी इतर वाटा शोधल्या. कोलोराडोत तीन जणांचं मंडळ असतं: सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल आणि विधिमंडळाच्या कायदेविषयक कचेरीचा प्रमुख, किंवा त्यांचे प्रतिनिधी. फ्लोरिडात शीर्षक १५ शब्दांत आणि सारांश ७५ शब्दांत बसवावा लागतो. ऑरेगॉनची सध्याची पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते. तिथे १५ शब्दांचा मथळा असतो. त्याखाली २५ शब्दांत 'हो' मताने काय होईल आणि आणखी २५ शब्दांत 'नाही' मताने काय होईल ते सांगायचं, आणि ही दोन वाक्यं होईल तितकी एकाच घडणीची ठेवायची. मग १२५ शब्दांचा सारांश. मसुदा आधी जाहीर होतो, लोक लेखी हरकती पाठवतात, आणि हरकत पाठवलेल्या मतदाराला थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. कायदा कुणालाही सज्जन करत नाही, पण लिहिणाऱ्याचे हात बांधायचे असतील तर ते असे बांधता येतात.

'हो' आणि 'नाही' यांचे परिणाम छापण्याचा आग्रह कशासाठी, हे कॅलिफोर्नियाच्या १९६४ च्या निवडणुकीत दिसतं. बर्कली परिसरातून निवडून आलेले विधिमंडळ सदस्य विल्यम बायरन रमफर्ड हे व्यवसायाने औषधविक्रेते होते. त्यांनी १९६३ मध्ये घरं विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा मंजूर करून घेतला. घरांच्या दलालांच्या संघटनेला तो सोसवला नाही. तिने सह्या गोळा करून तो कायदा निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर आणली, प्रस्ताव १४. शीर्षक होतं 'निवासी स्थावर मालमत्तेची विक्री आणि भाडेव्यवहार'. त्यात चूक काढायला जागा नाही, आणि त्यातून काही कळतही नाही. काळ्या कुटुंबाला घर नाकारायचा मालकाला हक्क द्यावा का, हा खरा प्रश्न त्या मोजक्या कोऱ्या शब्दांच्या आड राहिला. घरांच्या व्यवहारात वंशभेद नको असलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं होतं. घरांच्या बाबतीत न्याय हवा म्हणून 'हो' म्हणणारे लोक होते, अशी तक्रार त्या काळी झाली. अर्थात ६५ टक्क्यांनी मंजूर झालेला तो प्रस्ताव फक्त गोंधळामुळे मंजूर झाला असं म्हणणं खोटं ठरेल. कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या मध्यमवर्गाला काय हवं होतं, हे त्या आकड्यात स्वच्छ दिसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरवली.

याच कॅलिफोर्नियात तीस वर्षांनी प्रस्ताव २०९ आला. ग्लिन कस्ट्रेड आणि टॉम वुड या दोन अध्यापन-संशोधन क्षेत्रातल्या माणसांनी त्याचा मसुदा केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळातले वॉर्ड कॉनर्ली हे काळे उद्योजक मोहिमेचे प्रमुख झाले आणि राज्यपाल पीट विल्सन पाठीशी उभे राहिले. मसुद्यात 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' हे शब्द कुठेही नव्हते, आणि ते जाणूनबुजून गाळले होते.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक खुलासा हवा. ॲफर्मेटिव्ह ॲक्शन म्हणजे आपलं आरक्षण नव्हे. अध्यक्ष केनेडींच्या १९६१ च्या आदेशातून हा शब्दप्रयोग सरकारी व्यवहारात आला, आणि विद्यापीठ प्रवेशातल्या राखीव जागांचा ठरावीक कोटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या 'बाकी' खटल्यातच बेकायदा ठरवला होता. उरलं ते एवढंच: प्रवेश देताना, नोकरीवर घेताना किंवा कंत्राट देताना वंश आणि लिंग यांचा एक घटक म्हणून विचार, उद्दिष्टं, आणि वंचित गटांपर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न. त्या दशकात जनमत चाचणी घेणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. 'वंशाच्या आधारावर झुकतं माप द्यावं का' असं विचारलं की लोक ठाम नाही म्हणत. 'स्त्रिया आणि अल्पसंख्याकांसाठीची ॲफर्मेटिव्ह ॲक्शन चालू ठेवावी का' असं विचारलं की बऱ्याच जणांचं उत्तर बदले. लोक लबाड होते असं नाही. दोन्ही भावना त्यांच्या मनात खऱ्या होत्या, आणि ज्या दारावर टकटक होई ते उघडे. या ज्ञानावरच पुढची सगळी लढाई लढली गेली.

ॲटर्नी जनरल डॅन लंग्रेन रिपब्लिकन होते आणि प्रस्तावाचे समर्थकही. त्यांनी शीर्षक दिलं: 'राज्य आणि इतर सार्वजनिक संस्थांकडून भेदभाव किंवा प्राधान्याच्या वागणुकीस मनाई'. विरोधक न्यायालयात गेले. राज्यातले ॲफर्मेटिव्ह ॲक्शनचे कार्यक्रम बंद करणं हा या प्रस्तावाचा मुख्य परिणाम आहे, मग ते शब्द शीर्षकात नकोत का? खालच्या न्यायालयाला हे पटलं आणि त्याने मजकूर बदलायला सांगितला. अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की प्रस्तावाच्या मजकुरात जे शब्द नाहीत ते ॲटर्नी जनरलने आणलेच पाहिजेत असं बंधन नाही, आणि 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' हा शब्दप्रयोगच इतका सैल आणि भावनांनी भारलेला आहे की त्याचा एकच एक अर्थ सांगता येणार नाही.

कायद्याच्या चौकटीत तो निर्णय बसतो. तरी तो मला पटत नाही. शब्दप्रयोग सैल होता, पण तो वर्तमानपत्रात, कचेरीत, जेवणाच्या टेबलावर रोजचा होता. ज्या शब्दांत अख्खं राज्य त्या विषयावर भांडत होतं तेच शब्द मतपत्रिकेवर नसल्याने मतदाराला ती दोन टोकं जोडायचं काम स्वतः करावं लागलं. आणि ज्याला ती जोडायला लावायची, त्याच्याकडे मतदानाच्या आडोशात अर्धा मिनिट असतो. मनाई, भेदभाव, वागणूक हे सगळे शब्द त्याला ओळखीचे आणि चांगले वाटणारे. भेदभाव कुणाला हवा असतो?

ह्यूस्टनमध्ये हाच डाव उलटवण्यात आला. तिथे सह्यांची मोहीम चालवली एडवर्ड ब्लम यांनी. सह्या भरपूर झाल्या आणि प्रस्ताव मतपत्रिकेवर येणार हे पक्कं झालं. महापौर बॉब लॅनियर यांची मुदत संपत आली होती. श्रीमंत, गोरे, बांधकाम व्यवसायातले, वयाने ज्येष्ठ. शहराची सगळी कंत्राटं आपल्यासारख्याच गोऱ्या पुरुषांच्या घरी जायची तो काळ परत आणू नका, असा त्यांचा उघड प्रचार होता. एका श्रीमंत गोऱ्या माणसाने हे म्हणावं याला ह्यूस्टनमध्ये वजन होतं. नगर परिषदेने अर्जदारांचं वाक्य मतपत्रिकेवर तसंच्या तसं छापायला नकार दिला आणि त्याऐवजी आपलं वाक्य घातलं: ॲफर्मेटिव्ह ॲक्शन बंद करण्यासाठी दुरुस्ती करावी काय? कार्यक्रम नावानिशी आला, स्त्रिया आणि अल्पसंख्याक दोघांचाही उल्लेख आला, आणि 'बंद' हे क्रियापद आलं. कॅलिफोर्नियात भेदभावाला मनाई करायची होती, ह्यूस्टनमध्ये चालू कार्यक्रम बंद करायचा होता. 'हो' मताचा परिणाम दोन्हीकडे तोच होता.

ब्लम मतदानाआधीच न्यायालयात गेले, पण आपल्याला यात हात घालता येणार नाही असं खालच्या न्यायालयाने सांगितलं. मतदान झालं, प्रस्ताव पडला. त्याच निवडणुकीत ली ब्राउन महापौरपदाच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि डिसेंबरमध्ये ह्यूस्टनचे पहिले काळे महापौर झाले. त्यांच्या उमेदवारीने काळे मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले हेही निकालाच्या हिशेबात धरायला हवं. एका वाक्याने निवडणूक फिरवली असं छातीठोक म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट सोयीस्कर वगळली. माझ्या समजुतीत वाक्याचा वाटा मोठा होता, पण वाक्य एकटं नव्हतं.

पुढच्या वर्षी एका जिल्हा न्यायालयाने प्रस्ताव अ वरचं मतदानच रद्द ठरवलं, कारण शहराने मतदारांपुढे अर्जदारांचा प्रस्ताव नीट ठेवला नव्हता. शहराने त्याविरुद्ध अपील केलं. आणि १९९९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लम यांच्या बाजूने एक महत्त्वाचं तत्त्व मान्य केलं: अर्जावर सही केलेल्या नागरिकाला मतपत्रिकेवरचा मजकूर दिशाभूल करणारा वाटला, तर मतदानाआधीच, निवडणूक न लांबवता, तो दुरुस्त करून घेण्यासाठी न्यायालयात जाता येतं. मला ॲफर्मेटिव्ह ॲक्शनबद्दल ब्लम यांचं मत मान्य नाही. या एका मुद्द्यावर मात्र ते बरोबर होते. ज्याचा प्रस्ताव त्याच्या विरोधकाने त्याच्यासाठी लिहायचा, ही पद्धत उद्या कुठल्याही बाजूच्या मुळावर येऊ शकते.

मतदारांना फसवलं गेलं असं निकालानंतर सिद्ध झालं तर काय, या प्रश्नाचं सगळ्यांत धडाडीचं उत्तर फ्लोरिडाने दिलं. १९९८ मध्ये तिथल्या विधिमंडळाने मृत्युदंडाबाबत एक घटनादुरुस्ती मतदारांपुढे ठेवली. राज्यघटनेत 'क्रूर किंवा असाधारण' शिक्षेला मनाई होती. दोन्हींपैकी एक गोष्ट पुरे होती. दुरुस्तीने तिथे 'आणि' आणलं, म्हणजे शिक्षा क्रूर असून असाधारणही असेल तरच मनाई. आरोपीच्या हक्कांचं संरक्षण यामुळे बरंच कमी होत होतं. मतपत्रिकेवरचं शीर्षक मात्र मृत्युदंडाचं जतन आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'क्रूर आणि असाधारण शिक्षे'चा लावलेला अर्थ, अशा धाटणीचं होतं. शिक्षेवरची बंधनं सैल होताहेत हे त्यातून कुणालाही कळू नये. जवळपास ७३ टक्के मतांनी ती मंजूर झाली. दोन वर्षांनी, २००० मध्ये, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण सारांशाने मतदारांना प्रस्तावाचा खरा परिणाम सांगितलाच नव्हता. सुमारे तीन चतुर्थांश मतांना बाजूला सारायला न्यायालयाला धीर लागला असणार. २००२ मध्ये नव्या मजकुरासह तीच दुरुस्ती पुन्हा मतदारांपुढे गेली आणि पुन्हा मंजूर झाली. लोकांना ती खरोखरच हवी होती. पण दुसऱ्या खेपेला त्यांनी कशाला हो म्हटलं ते त्यांना माहीत होतं, आणि माझ्या लेखी फरक एवढाच पण फार मोठा आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न अगदीच परका नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढे दोनच पर्याय, आणि त्यांना दोन चिन्हं: विलीनीकरणाला फूल आणि केंद्रशासित राहण्याला दोन पानं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१. 'झालाच पाहिजे' म्हणणारे हरले, आणि महाराष्ट्रातल्या अनेकांना ते बरेच दिवस बोचलं. पण दोन पानांवर मत देणाऱ्याने आपण कशावर मत दिलं हे समजलं नव्हतं, असा दावा कुणी गंभीरपणे केला नाही. तिसरा पर्याय का नाही, स्वतंत्र राज्याचा का नाही, हा वाद रास्त होता. फूल म्हणजे काय याबद्दल शंका नव्हती. आणि आपल्या गावागावांत आजही दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात स्त्रियांपुढे 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' असतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली की दुकानाला कुलूप. अक्षर न वाचता येणाऱ्या म्हातारीलाही आपल्या मताने काय होणार ते कळतं. ऑरेगॉनचे पन्नास शब्द जे करू पाहतात, ते ती बाटली करते. अर्थात करप्रणाली किंवा विद्यापीठ प्रवेश बाटलीत मावत नाहीत. तिथे वाक्यच लागतं.

प्रस्ताव २०९ चं वाक्य पुढे राज्याराज्यांत फिरलं. वॉशिंग्टन राज्याने १९९८ मध्ये 'भेदभाव करण्यास किंवा प्राधान्याची वागणूक देण्यास सरकारला मनाई करावी काय' असा प्रश्न छापला आणि तो ५८ टक्क्यांनी मंजूर झाला. कॅलिफोर्निया आणि ह्यूस्टनची तुलना करणाऱ्यांना इथे आपलं म्हणणं पुन्हा सिद्ध झाल्यासारखं वाटलं. मग २००६ मध्ये मिशिगनची पाळी आली. तिथे मतपत्रिकेवर दोन्ही शब्द एकत्र आले: प्राधान्य देणाऱ्या ॲफर्मेटिव्ह ॲक्शन कार्यक्रमांवर बंदी. 'ॲफर्मेटिव्ह ॲक्शन' हे शब्द समोर दिसत असूनही ५८ टक्के लोकांनी हो म्हटलं. ह्यूस्टनचं सूत्र तिथे लागू पडलं नाही.

ते पूर्णपणे मोडलं कॅलिफोर्नियात, २०२० मध्ये. आता चित्र उलटं होतं. डेमोक्रॅट विधिमंडळाने २०९ रद्द करण्यासाठी प्रस्ताव १६ मतदारांपुढे ठेवला. ॲटर्नी जनरल झेवियर बेसेरा हेही डेमोक्रॅट. त्यांनी दिलेलं शीर्षक होतं: 'सार्वजनिक नोकरी, शिक्षण आणि कंत्राटांच्या निर्णयांत विविधता हा एक घटक मानण्यास परवानगी'. विविधता या शब्दाला कॅलिफोर्नियात २०२० साली कुणी वाईट म्हणणार नव्हतं. शिवाय पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतरचा तो काळ, सगळा प्रस्थापित वर्ग पाठीशी, पैसा प्रस्तावाच्या बाजूने. तरीही ५७ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. गोड शीर्षकही कधी कधी मतदाराला फिरवू शकत नाही, विशेषतः ज्या विषयावर पंचवीस वर्षं भांडून त्याचं मत घट्ट झालेलं असतं. मला प्रस्ताव १६ मंजूर व्हावा असं वाटत होतं. पण त्याचं शीर्षक लंग्रेन यांच्या शीर्षकाइतकंच तिरकं होतं हे म्हणायलाच हवं. २०९ रद्द होणार, ही मुख्य गोष्ट 'विविधते'च्या मागे ठेवली होती.

मधल्या काळात हा रोग इतर विषयांतही पसरला होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातच समलिंगी विवाहावर बंदीचा प्रस्ताव ८ आला. सह्या घेताना त्याचं शीर्षक 'विवाहावरील मर्यादा' असं होतं. मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह कायदेशीर ठरवले आणि जोडपी प्रत्यक्ष लग्नं करू लागली. त्यानंतर ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी शीर्षक बदलून 'समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द करतो' असं केलं. समर्थक न्यायालयात गेले आणि हरले. परिस्थिती बदलली होती, आता खरोखरच एक मिळालेला हक्क जाणार होता, म्हणून बदल योग्य ठरला. प्रस्ताव ५२ टक्क्यांनी मंजूर झाला. २०२४ मध्ये ओहायोत मतदारसंघांची राजकीय कापाकापी थांबवण्यासाठी नागरिकांचा आयोग नेमण्याचा प्रस्ताव होता. मतपत्रिका मंडळाने मजकुरात लिहिलं की हा आयोग अशी कापाकापी करायला बांधील असेल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ते वाक्य चालू दिलं आणि प्रस्ताव पडला. हे वाचताना संताप येतो, आणि तो यायलाच हवा. त्याच वर्षी युटाच्या विधिमंडळाने नागरिकांनी मंजूर केलेले कायदे आपण बदलू शकावं यासाठी दुरुस्ती आणली, आणि मतपत्रिकेवर छापलं की तिच्यामुळे नागरिकांच्या कायदे मांडण्याच्या हक्काला बळकटी येईल. युटाच्या न्यायालयांनी सप्टेंबरमध्ये ती बाद केली. मतपत्रिका तोवर छापायला गेल्या होत्या, म्हणून प्रश्न कागदावर राहिला आणि त्यावरची मतं मोजलीच गेली नाहीत.

ह्यूस्टनमध्ये हरलेले एडवर्ड ब्लम मात्र मतपत्रिकेकडे पुन्हा फारसे वळले नाहीत. त्यांनी न्यायालयांची वाट धरली, स्वतःची संघटना उभी केली आणि हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशपद्धतीला आव्हान दिलं. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि देशभरच्या विद्यापीठांतला वंशाधारित प्रवेशविचार संपवला. त्या निर्णयावर सामान्य मतदाराचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि म्हणून त्याला शीर्षक लिहिण्याची पाळीही कुणावर आली नाही.